टिटवी बांधावर चढली

१

होळीच्या आदल्या सकाळी धामणखेडच्या तलावावर टिटवीची अंडी सापडली. सापडली ती बांधाच्या वरच्या अंगाला, आणि तिथे ती असायला नको होती.

धामणखेड म्हणजे पिंपळगाव राजाहून कोसभर आत. आमचे हे, वैजनाथ मास्तर, तिथल्या शाळेत होते. गावची रीत अशी, की होळीच्या आदल्या दिवशी उजाडताच पाटील चार जाणती माणसं बरोबर घेऊन तलावाला फेरी घालत आणि टिटवीनं अंडी कुठे घातली आहेत ते पाहत. पाणी आटून उघड्या पडलेल्या पात्रात घातली असली, तर औंदा पाणी तिथवर चढणार नाही असं ती सांगते, म्हणजे पाऊस उणा. वर बांधाशी घातली असली तर पाऊस बरा. गावात कोणी हे हसण्यावारी नेत नसे, आणि पाटलांच्या घरात तर पिढ्यान् पिढ्या टिटवीला विचारल्याशिवाय मांडव पडला नव्हता.

त्या वर्षी त्या अंड्यांवर एक लग्न अडून होतं. पंजाबराव पाटलांच्या मुलाला शेषरावांची कोकिळा सांगितलेली. नारळ-लुगडं देऊन साखरपुडा झालेला. पण पाटलांनी बजावून ठेवलं होतं, "टिटवी खाली बसली तं औंदा मांडव नाई." पुढचं साल सिंहस्थाचं, त्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे लग्न दोन वर्षं लांबणार. शेषरावांचा खोकला ज्यानं ऐकला होता, त्याला ते दोन वर्षं काढतील असं वाटत नव्हतं. त्यांना स्वतःलाही नव्हतं. आईवेगळी पोर आपल्या हातानं द्यावी, मग काय व्हायचं ते होवो, एवढंच ते म्हणत.

माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून महादेवाला पाणी घालून सूर्याला अर्घ्य देईपर्यंत बोलायचं नाही. महादेवाचं देऊळ तलावाच्या बांधावरच, म्हणून मी रोज ह्यांच्याबरोबर जाई. ह्यांनी खामगावच्या लिलावात एका साहेबाची जुनी दुर्बीण घेतली होती. हे पाखरं बघत आणि हळू आवाजात मला सांगत. चक्रवाकांची जोडी अजून गेली नाही. शेकाट्या गुडघाभर पाण्यात लाल काड्यांवर उभ्या केल्यासारख्या. धोबी शेपटी हलवतोय. मी ऐकून घेई. पाखरांच्या नादी लागलेल्या माणसाला न बोलणारी बायको फार सोयीची पडते, असं हे पुढे लोकांना सांगत.

देवळात आमच्या आधी पाटलीणबाई, सरस्वतीबाई, आलेल्या असत. शिवरात्रीपासून त्यांचा नेम चुकला नव्हता. मधे चार सकाळ त्यांची जाऊ गीताबाई पाणी घालायला आली होती, तेवढंच.

तर त्या सकाळी पाटील पंचांना आणि शेषरावांना घेऊन बांधावर आले आणि बोरीच्या झुडपाशी त्यांना अंडी दिसली. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती. पाटलांनी पागोटं सारखं केलं आणि शेषरावांकडे पाहून म्हणाले, "घ्या. वैशाखात मांडव टाका."

शेषरावांनी हात जोडले. 

आणि तेवढ्यात आमचे हे, दुर्बीण पुसत पुसत, अगदी साध्या मनानं बोलले, "नवल आहे. शिवरात्रीला ही टिटवी खाली पात्रात होती, त्या काळ्या धोंड्याजवळ. मी दुर्बिणीतून अंडीसुद्धा पाहिली होती."

मी देवळाच्या पायरीवर उभी होते. अजून अर्घ्य व्हायचं होतं. ह्यांच्या सदऱ्याची बाही ओढावी म्हटलं तर मधे चार माणसं. माझ्या शेजारी सरस्वतीबाईंच्या तांब्यातलं पाणी हिंदकळून पायरीवर सांडलं.

पाटील म्हणाले, "मास्तर, पुन्ना सांगा."

२

ह्यांनी पुन्हा सांगितलं. खोटं बोलणं ह्यांना येत नाही, आणि गप्प बसणंही फारसं येत नाही.

पाटलांचे धाकटे भाऊ उत्तमराव लगेच धोंड्याकडे उतरले. तिथे खरंच एक खळगं होतं, खडे मांडलेलं, आत अंडी नसलेलं. उत्तमरावांनी त्यातून चिमटीत काहीतरी उचललं.

"दादा, तांदूय हायेत इथी. पारध्याचं आमिष. कोनीतरी पारध्याले हाताशी धरून टिटवी पकडली, न् अंडे वर नेऊन ठेवले."

"कोनीतरी म्हंजे कोन?" शेषरावांनी विचारलं.

"ज्याले मांडवाची घाई असन तो."

बांधापासून पात्रापर्यंत अशी आणखी खळगी होती. ह्यांनी आपलं ज्ञान तिथेही सांगितलं, की टिटवी बरीच खळगी उकरते आणि त्यातलं एक पसंत करते, म्हणून नुसत्या खळग्यांवरून काही धरता येत नाही. पण कोणी ऐकत नव्हतं.

पाटील शांत माणूस. आवाज चढवला नाही. म्हणाले, "शेषराव, पाखराले फसवनारं घर आमाले सोयऱ्यात नको. उद्या होई पेटली का नारय-लुगडं वापस येईन. तोवर ज्याले काई सांगाचं हाय त्यानं सांगावं."

घरी आल्यावर ह्यांनी ओसरीवर बसून दुर्बीण खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

माझं अर्घ्य झालं होतं, म्हणून मी म्हटलं, "जे पाहिलं तेच सांगितलंत."

"पण लग्न मोडलं ना."

"अजून नाही मोडलं. उद्या संध्याकाळपर्यंत आहे."

दुपारी शेषराव स्वतःच आले. मी पाणी दिलं. खोकल्याची उबळ जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.

"मास्तर, मी तुमाले दोष देत नाई," ते म्हणाले. "पन मी अमावस्येपासून कापसाच्या गाड्या घेऊन खामगावले होतो. जिनावर नंबरच लागे नाई. परवा आलो. मी कवा टिटवी पकडन? न् पकडून तिले समजावन का, का बाई वर जाऊन बस?"

हे हसले, मग हसल्याचं त्यांना वाईट वाटलं.

"ते सांगितलंत का पाटलांना?" मी विचारलं.

"सांगतलं. तं उत्तमराव म्हने, तू नसशीन, तुयी पोरगी असन."

३

कोकिळेला मी मागच्या दारानं भेटायला गेले. ती अंगणात हरभरा बडवत होती. नाव नाजूक, पण हातात जोर होता.

"काकू, मले तं टिटवीचं भेव वाटते. डोक्यावर येते सूं करून. लहानपनी माया डोक्यावर टोच मारली होती." मग काठी खाली ठेवून बसली. "न् मी तलावावर जाईनच कशी? वाट पाटलाच्या दारावरून जाते. सोयरीक झाल्यावर सासरच्या दारावरून कोन पोरगी जाते? अख्खं गाव पाहीन."

ते खरं होतं. साखरपुडा झालेली मुलगी त्या वाटेनं एकदा जरी गेली असती, तरी गावभर झालं असतं.

"माया जीवाचं काई नाई," ती म्हणाली. "लगन मोडलं तं मोडलं. पन बापू रात्रीतून उठून बसतात न् म्हनतात, यंदा होऊन जाईन नं बाई? आता काय सांगू त्यायले?"

परत येताना उत्तमराव आपल्या ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांच्या बायकोच्या भाचीचं स्थळ पाटलांनी नाकारून कोकिळेला पसंत केलं होतं, हे गावाला माहीत होतं. सोयरीक नुसती लांबू नये, आळ येऊन मोडावीच, म्हणून त्यांनीच तर नसेल केलं? मलाही आधी तोच संशय आला.

"भाऊजी, सकाळी तलावाकडे येता का कधी?" मी विचारलं.

"मी? सूर्व्या कोन्या अंगानं उगवते ते मास्तरायनं शाळेत सांगतलं होतं, तेवढंच मालूम."

त्यांची बायको गीताबाई दारातून म्हणाली, "खरं हाय, मास्तरीनबाई. यायले चा दाखवल्याबगर डोये उघडत नाईत. पंच जमले म्हनून आज पहिल्यांदा उठले, तं मीच दचकली."

"दचकली म्हने. पाय तं दाबत होती माये, उठा म्हनून."

गीताबाईनं पदर तोंडाला लावला. उत्तमरावांनी पान गालात सारलं आणि मला म्हणाले, "वैनी, तुमी कायले चौकशा करता? मास्तरायची दुरबीन बोलली तेवढं लई झालं."

मी घरी आले. पण त्यांना सापडलेले तांदूळ काही डोक्यातून जाईनात. आमच्या भागात माणसाला ज्वारी. तांदूळ सणाला, पाहुण्याला. मग पाखराला कोण टाकेल? आणि टिटवी दाणे टिपत नाही, चिखलातले किडे खाते. हे मी ह्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. तांदूळ आमिष नव्हते, एवढं नक्की. मग कशासाठी होते?

संध्याकाळी देवासमोर दिवा लावताना ते कळलं. आदल्या गुरुवारची पूजा अजून पाटावर मांडलेली होती. उचलायची म्हणून मी करंड्यातल्या अक्षता घेतल्या, मूर्तीवर टाकल्या, आणि मूर्ती बोटभर सरकवली. अक्षता टाकल्याशिवाय मांडलेला देव हलवत नाहीत, हे लहानपणापासून हातात बसलेलं. विचारसुद्धा करावा लागत नाही.

हात तसाच राहिला. टिटवी कोणी पकडली नव्हती. कोणीतरी तिला देवासारखी हलवली होती.

४

होळीच्या दिवशी उजाडताना मी देवळात जायच्या आधी पात्रात उतरले. निऱ्या वर खोचल्या. हे बांधावर उभे राहिले. टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत फेऱ्या मारू लागली. पलीकडच्या काठाला पळस पेटल्यासारखे फुलले होते, आणि चक्रवाकांची जोडी त्या दिवशी दिसली नाही.

धोंड्यापासून वर पाहिलं, आणि काल कोणीच न पाहिलेलं दिसलं. पाखरू खळगी उकरतं ती मन मानेल तिथे. ही खळगी मात्र एका रेघेत होती, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, एकेक दोन हातांच्या अंतरावर, थेट बोरीच्या झुडपापर्यंत. म्हणजे अंडी एकदम वर नेलेली नव्हती. रोज थोडी थोडी सरकवली होती, आणि टिटवी रोज मागोमाग येऊन बसली होती.

प्रत्येक खळग्यात वाकून पाहिलं. मुंग्यांनी बरंच नेलं होतं, तरी एखाददुसरा दाणा खड्यांत अडकलेला. मी एक तळहातावर घेऊन बोटानं चोळला. अखंड होता, कुठे कणी गेलेली नाही, आणि दवानं फिका झालेला असला तरी त्याला कुंकवाचा लाल रंग होता.

म्हणजे रोज सकाळी इथे येणारं माणूस. शेषराव खामगावला होते. उत्तमराव उठत नव्हते. कोकिळेला वाट नव्हती. रोज येणाऱ्या आम्ही दोघीच.

मन हे मानायला तयार होईना, म्हणून मी परत रेघ धरून वर चालले. मधलं एक खळगं निराळं होतं. भोवती पांढऱ्या शिटांचा थर. छातीची बारीक पिसं. गवत दबून भुईला चिकटलेलं. बाकी खळग्यांत टिटवी दिवसभर बसली होती, इथे मात्र बरेच दिवस. हलवणारा हात इथे येऊन थांबला होता, आणि मग पुन्हा लागला होता.

होळी जवळ येत असताना कोणी मधेच का थांबेल? पुरुषाला हे कोडं पडेल. बाईला पडत नाही. चार दिवस देवाला शिवायचं नसतं, आणि जिनं त्या अंड्यांना देव मानलं तिनं त्यांनाही हात लावला नव्हता. त्याच चार सकाळी गीताबाई महादेवाला पाणी घालायला आली होती.

मी दाणे मुठीत घेतले आणि देवळाकडे निघाले. सूर्य अजून वर आला नव्हता, म्हणजे मला बोलता येणार नव्हतं.

५

सरस्वतीबाई पिंडीवर बेल वाहत होत्या. मी शेजारी बसले आणि त्यांच्यासमोर मूठ उघडली.

त्यांनी दाण्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्यांच्या बेलाच्या ताटलीतला करंडा त्यांनी पदराखाली सरकवला, आणि लगेच स्वतःच परत बाहेर काढून माझ्यापुढे ठेवला. आतल्या अक्षता लाल होत्या.

"तुमचं मौन हाय ते बरं हाय," त्या म्हणाल्या. "कोनी इचारलं असतं तं मले सांगता आलं नसतं."

मी मुठीतले दाणे करंड्याशेजारी ठेवले.

"शिवरात्रीले पाह्यले मी अंडे. खाली.  शेषरावभाऊ खोकून राह्यले, न् ही तिथी जाऊन बसली. मंग अक्षता टाकल्या, माय मले माफी कर म्हटलं, न् दोन हात वर सरकवले. मी लांब जाऊन बसली. ती आली. अंड्याभोवताल फिरली. पाह्यलं, पाह्यलं, न् बसली. दुसऱ्या दिशी आनखी दोन हात. ती नाई आली असती नं, मास्तरीनबाई, तं मी होते तिथी ठेवून देल्ले असते. महादेवाची आन. पन ती आली. दर दिशी आली."

बाहेर टिटवी शांत झाली होती. बहुतेक परत बसली असावी.

"माह्या लगनाच्या वक्ती मामंजीनं टिटवी पाह्यली होती. खालीच बसली होती. दोन सालं लगन मांगं गेलं. त्या दोन सालात माहा बाप गेला. चुलत्यानं हातात हात देल्ला. चांगला मानूस होता चुलता, पन हात बापाचा नव्हता." त्यांनी बेलाचं पान उचललं आणि वाहायचं विसरून हातातच धरलं. "कोकिळेले पाह्यलं का मले तेच दिसे."

सूर्याची कड पाण्यावर आली. मी उठून अर्घ्य दिलं. मग त्या दिवसाचे माझे पहिले शब्द बोलले.

"वहिनी, आज होळी पेटली की नारळ-लुगडं परत जाणार. शेषरावांच्या माथी तुमचं काम बसलंय."

"मालूम हाय. काल रातभर डोयाले डोया नाई."

"पाटलांना तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

त्यांनी हातात राहिलेलं पान पिंडीवर वाहिलं. "इतकी वर्सं झाली, त्यायच्यापुढे मी वर मान करून बोलली नाई. एक डाव बी नाई."

मग ताटली उचलून बांधावरून निघून गेल्या. सांगेन म्हणाल्या नाहीत, आणि नाही सांगणार असंही म्हणाल्या नाहीत.

६

दिवस मावळताना सगळं गाव होळीभोवती जमलं. एका बाजूला शेषराव उभे होते, उपरणं तोंडावर धरून. दुसऱ्या बाजूला पाटील, आणि त्यांच्या मागे उत्तमरावांच्या हातात ताट. ताटात नारळ आणि हिरवं लुगडं. ह्यांनी मला विचारलं होतं, काय कळलं ते सांग, पण मी सांगितलं नव्हतं. ज्याचं त्यानं सांगावं. सरस्वतीबाई आल्याच नाहीत तर मात्र बोलायचं, असं मी ठरवून उभी होते.

बायका पुरणाचा नैवेद्य घेऊन आल्या. सरस्वतीबाई सगळ्यांच्या मागे होत्या. त्यांनी होळीला पाणी घातलं, नैवेद्य ठेवला, आणि परत न जाता पाटलांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

"अंडे मी सरकवले," त्या म्हणाल्या. "शेषरावभाऊचं काई नाई त्यात."

उत्तमराव हसायला लागले आणि भावाचं तोंड पाहून थांबले.

"काऊन?" पाटलांनी विचारलं.

"माहा बाप माह्या मांडवात नव्हता. तुमी होते. तुमाले आठवत असन."

 पाटलांनी वळून ताटातल्या लुगड्याकडे पाहिलं.

"मालूम हाय, मी गुन्हा केला," सरस्वतीबाई म्हणाल्या. "पन दर दिशी अक्षता टाकल्या न् दर दिशी तिची वाट पाह्यली. ती मांगं मांगं आली. तिले नको असतं तं ती येती कायले?"

पाटील ह्यांच्याकडे वळले. "मास्तर, पाखराले पसंत नसलं तं ते अंडे सोडून जाते का नाई?"

हे त्या दिवशी बोलायच्या आधी थांबले. मला फार बरं वाटलं.

"जातं," हे म्हणाले. "कधी नुसता हात लागला तरी जातं."

"न् हे गेलं नाई."

"आज सकाळी बसलेली होती. मी पाहिली."

पाटलांनी उत्तमरावांच्या हातून ताट घेतलं. क्षणभर वाटलं की ते शेषरावांकडे जाणार. गेलेही. पण ताट दिलं नाही. ते तसंच हातात धरून म्हणाले, "शेषराव, मी तुमच्यावर खोटा आय घेतला, न् निंगालं माह्याच घरातून. चार लोकांत घेतला, तं चार लोकांतच सांगतो, चुकलो. वैशाखाची तीथ तुमी काढा. आमच्या बापानं एक बाप थांबवला, मी दुसरा थांबवत नाई."

शेषराव काहीतरी म्हणायला गेले आणि खोकलाच आला. तो ओसरल्यावर म्हणाले, "पाटील, विहीनबाईनं टिटवी सांभायली, पोरगीही सांभायतीन. मले आनखी काय पाह्यजे?"

"पाह्यजे तं सांगजा," पाटील म्हणाले. "आमच्या घरातून आता काय काय निंगीन, मलेही सांगता येत नाई."

लोक हसले. सरस्वतीबाईंनी पदर पुढे ओढला. पाटलांनी ताट त्यांच्या हातात दिलं आणि होळी पेटवायला सांगितलं.

लग्न वैशाखात झालं. शेषरावांनी कन्यादान बसून केलं. उभं राहवत नव्हतं. पण हात त्यांचाच होता. त्या आधीच टिटवीची पिल्लं बांधावरून पाण्याकडे पळाली होती, आणि हे दुर्बीण घेऊन त्यांच्या मागे. पाऊस कसा झाला म्हणाल, तर धड उणा नाही आणि धड बराही नाही. पंचांना त्यावरून काही ठरवता आलं नाही.

मंगलाष्टकांच्या वेळी सरस्वतीबाई स्वतः अक्षता वाटत होत्या. माझ्या ओंजळीत टाकताना क्षणभर थांबल्या. दाणे लाल होते. मी सगळे वधूवरांवर टाकले, दोन तेवढे पदराच्या टोकाला बांधले, आणि दुसऱ्या सकाळी बोलायच्या आधी बोरीच्या झुडपाखालच्या रिकाम्या खळग्यात ठेवून आले.